चौथा कोपरा

छताखाली लाकडी पट्टी फिरवताना खरं काम कोपऱ्यात असतं. दोन पट्ट्या तिरप्या कापून अशा भिडवायच्या, की सांध्यात नखही जाऊ नये. पण गुण्या लावून पाहिला तर कोपरा क्वचितच नेमका काटकोनात असतो.

माझी बायको नलू म्हणायची, "भिंतीले इचारा. गुण्याले काय इचारता?" सरलेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडून ती कोपऱ्यात दाबायची, नखानं घडी पाडायची, मग त्या कोनाची निम्मी घडी. त्यावर मी कापायचो. काम संपायची तारीखही तीच कॅलेंडरवर गोल करून ठेवायची. त्या दिवशी हत्यारं बांधून आम्ही सोबत निघायचो.

घाटंजीत लोकांच्या खोल्या सजवल्या, आमची राहून गेली. नलू गेली तेव्हा तिच्या वर्षश्राद्धाआधी ही खोली पुरी करायचं ठरवलं. सागाच्या पट्ट्या मोजक्याच होत्या. सप्टेंबरात काम काढलं.

पहिलाच काप उघडा पडला. बोटभर फट. पट्टी वाया गेली.

सकाळी लाकूड कापायच्या घोडीवर जूनचं पान होतं, निम्म्या घडीचं. त्यावर कापलं. सांधा मिटला. सुनेनं केलं असेल म्हणून प्रेरणाला विचारलं.

"म्या कायले फाडू, मामाजी? मले घडी घालता येते का?" ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या कोपऱ्याला जुलै आला. तिसऱ्याला ऑगस्ट. घडीवर नखाची ओळ होती. मी विचारणं सोडलं. बऱ्याच दिवसांनी जेवण गोड लागत होतं.

चौथ्या कोपऱ्यासाठी एकच पट्टी उरली होती. चुकली असती तर खोली अपुरी राहिली असती.

सकाळी पान होतं. घडी नेहमीसारखीच.

कापलं. बसवलं. सांधा दिसेना. खाली उतरून चारही कोपरे पाहिले. आता काही राहिलं नव्हतं.

मग पान उलगडलं.

ऑक्टोबरचं होतं.

भिंतीपाशी गेलो. सप्टेंबरच्या मागे थेट नोव्हेंबर होता.

संध्याकाळी उमरखेडहून फोन आला, नोव्हेंबरात दोन खोल्यांचं काम आहे म्हणून. मी शांतपणे नाही म्हटलं. प्रेरणानं विचारलं, "काहून नाही म्हटलं, मामाजी?"

"त्याच्याआधी निघाचं हाय," मी म्हणालो.

करवतीला तेल लावलं, हत्यारं बांधून दाराशी ठेवली. पान उशाखाली आहे. त्यात तेवीस तारखेला पेन्सिलीनं गोल केला आहे.