सुकाणूवरचा हात

हसनाबादच्या शिवारात शिडाची होडी आहे, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. प्रियदर्शनीही हसली होती. पण सुट्टीत मामांकडे आली, तलावावर पांढरं शीड फडफडताना पाहिलं, आणि तिचा ऊर भरून आला. राजानंदमामांनी सगळी नोकरी नौदलात काढली. निवृत्तीनंतर समुद्र सुटला, पाण्याचा नाद काही सुटला नाही. घरामागं खपून त्यांनी होडी बांधली, वर तिला ऑटोपायलटही बसवला. दिशा ठरवून दिली की छोटी मोटर सुकाणूचा दांडा ढकलत होडी आपोआप सरळ नेणार.

"सरळ कुठली? डावीकडंच ओढून राह्यली," मामा म्हणाले. "उद्या शाळेच्या पोरी बसणारेत. तू बघ बरं जरा."

प्रियदर्शनी गोव्यात बोटींच्या वायरिंगचंच काम करायची. असला बिघाड म्हणजे तिला सणच. ऊन उतरल्यावर ते निघाले. कांताबाईमामीही धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन हौसेनं बसल्या.

"अहो, ही कलंडती का काय?"

"कलंडली तर तेवढा डबा वर धर," मामा म्हणाले. मामी इतक्या हसल्या की होडी खरंच डुलली.

प्रियदर्शनीनं मीटर काढला. मोटर बंद असली की बॅटरी ठीक, चालू केली की वीजदाब धपकन खाली. वायर चाचपत ती मागं गेली. एका जोडावर हिरवा गंज चढला होता. तिनं तो घासला, जोड नवा केला. वीजदाब टिकला. होडी मात्र डावीकडंच.

मग तिची नजर होकायंत्राकडं गेली. त्याला चिकटूनच मामांनी गाण्यांचा स्पीकर ठेवला होता.

"मामा, याच्यातल्या चुंबकानं होकायंत्राचं डोकं फिरवलंय."

स्पीकर मामींच्या मांडीवर आला. ऑटोपायलटच्या पडद्यावर दिशा अचूक दिसू लागली. तरीही होडी वळली. डावीकडं.

सूर्य बुडाला होता. पाण्याचा रंग शाईसारखा गडद होत चालला. वारा मंद, शिडाची फडफडही थांबलेली. गाळाच्या आणि भिजल्या बाभळीच्या वासात आणखी एक वास मिसळला.

"मामा, बिडी ओढताय का?"

"सोडून जमाना झाला."

प्रियदर्शनीनं फ्यूज काढून मुठीत धरला. पडदा विझला, मोटरची गुणगुण थांबली. एवढ्यावर न थांबता तिनं मोटर दांड्यापासून सोडवूनच ठेवली. आता दांडा मोकळा होता.

तो सावकाश एका बाजूला सरकला. सरावाच्या माणसानं सरकवावा तसा.

तिनं तो दोन्ही हातांनी धरला. लाकूड कोमट होतं, कुणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यासारखं... नाही, तो हात अजून तिथंच होता.

"मामा... मी नाही फिरवत हे..."

मामांनीही जोर लावला. दांडा हलेना. होडी मुकाट डावीकडच्या बाभळींना वळसा घालू लागली.

"रखमाजी..." मामी पुटपुटल्या.

"कोण?"

"पल्याड रस्ता न्हवता तवा गूळ आटवायच्या काहिलीत बसवून, बिडी ओढत तो पोरं पाण्यावरनं नेऊन सोडायचा. तुझी आई बी त्याच्याच काहिलीतून शाळंला जायची. ह्याच बाभळींच्या बाजूनं. जाऊन लई वर्सं झाली त्याला..."

तेवढ्यात पल्याडच्या काठावर शेतीची लाइट आली. विहिरीवरच्या पंपाच्या मोटरी घरघरल्या, आणि उजव्या हाताला, जिथून होडी सरळ गेली असती तिथं, पाण्यावर निळी ठिणगी तडतडली. मग पुन्हा. बांबूचा खांब कलला होता, आणि पंपाची सोललेली वायर पाण्यावर लोंबत होती.

मामा हलक्या आवाजात म्हणाले, "आपली डोलकाठी ॲल्युमिनियमची आहे, पोरी."

त्यांनी फोन काढला. वायर पल्याडच्या शेतातल्या काकासाहेबाची होती. "जल्दी लाइन बंद कर आन् वायर काढ," मामा म्हणाले, "सकाळी पोरी येणारेत." ठिणगी विझली. त्यासरशी दांडा हातात सैल झाला.

मग मामींनी डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडला आणि पाण्यात सोडला.

"घे बाबा. पोरी वाचल्या."

आणि त्यांना रडू आणि हसू एकदमच आलं. मामांनी गाणं लावलं. प्रियदर्शनीनं स्वतः सुकाणू धरलं, आणि धपाटे खात, गात, एकमेकांना टाळ्या देत ते काठाला लागले.

मामा उतरले, मामींना हात दिला. गाण्याची ओळ गुणगुणत दोघं गावाकडं चालू लागले. शेवटी प्रियदर्शनी उतरली आणि दोर बांधायला वाकली.

माणसं उतरली की होडी वर येते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पुढचं टोक वर आलं होतं. सुकाणूकडची बाजू मात्र तेवढीच पाण्यात दबलेली होती.