चार महिने तुवालू

अमेरिकेतल्या रेडमंडच्या बसने कचकन ब्रेक मारला आणि एक जाडजूड पुस्तक माझ्या पायावर आदळलं.

"आई गं!"

"सॉरी, सॉरी... लागलं का फार?" समोरचा चष्मेवाला चक्क मराठीत बोलला.

२००४चा सप्टेंबर. बाहेर पाऊस टिपटिपत होता, इथे तो दुसरं करतो काय! पुस्तकाला पाय लागला म्हणून मी सवयीने नमस्कार केला आणि कव्हरवरचं नाव वाचलं. "तुवालू? हे कुठे आलं?"

इथेच माझं चुकलं.

त्याचे कान लाल झाले. "उद्या सांगतो," म्हणाला.

आणि सांगितलं की! दुसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसला. नाव ईशान, पुण्याचा. "पॅसिफिकमध्ये आहे. प्रवाळाची नऊ बेटं, जेमतेम अकरा हजार माणसं. सगळ्यात उंच जागा पाच मीटरसुद्धा नाही."

"दिवाळीत आमच्या नागपूरच्या सीताबर्डीवर याहून जास्त माणसं असतात," मी म्हटलं. तो इतका गोड हसला, की मी रोज तीच बस पकडायला लागले.

पण कप्पाळ माझं! मी नवे झुमके घातले, तर हा म्हणे, परदेशी बोटींना मासेमारीचं लायसन्स देऊन त्यांचं सरकार चालतं. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला मी मोरपंखी साडी नेसले, तर ताट घेऊन शेजारी आला आणि म्हणाला, "वेबसाइटच्या नावात डॉट टीव्ही असतं ना, ते त्यांचं. त्याचे पैसे मिळतात त्यांना."

"यार, तू आवडतेस त्याला," माझी रूममेट सुमेधा म्हणाली.

"मी? त्याला तुवालूचं खोबरं आवडतं!"

मला मात्र तो आवडत होता. तोच तर वैताग होता!

जानेवारीत माझा प्रोजेक्ट संपला. कंपनी मला जॉर्जिया राज्यात, अल्फारेटाला पाठवणार होती. रविवारची फ्लाइट. गुरुवारी बसमध्ये मी त्याला सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. आता तरी बोलेल...

"तुवालूवालेही गिल्बर्ट बेटांपासून वेगळे झाले होते," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मतदान घेऊन."

"माझं मत घेतलंय कुणी?"

तो स्वतःच्या स्टॉपच्या आधीच उतरून गेला. घरी जाऊन मी रडले. खोटं कशाला सांगू?

शुक्रवारी शेवटची बस. आला, आणि हातात नवं पुस्तक! जॉर्जियाचं.

"तुझ्या अल्फारेटाकडे ना, पूर्वी कापूस पिकायचा..."

"पुरे! डोकं उठवलंस तुझ्या भूगोलाने!"

"मला भूगोल नाही आवडत," तो हळूच म्हणाला. "दहावीत कसाबसा पास झालो होतो."

"मग तुवालू?"

"ते पुस्तक माझ्या रूममेटने, संजयने आणलेलं. मी फक्त लायब्ररीत परत टाकायला निघालो होतो. तू विचारलंस आणि मला उत्तर येईना... म्हणून वाचलं. मग भीती वाटली, पुस्तक संपलं तर तुझ्याशी बोलायचं काय? रोज दोन-दोन पानं पुरवली."

मला हसावं की त्याला बदडावं, कळेना.

"आणि हे जॉर्जिया कशाला?"

"मार्चमध्ये माझाही प्रोजेक्ट संपतोय. पुढचा तिकडेच मागितलाय. आल्यावर बोलायला काहीतरी लागेल ना..."

मी पुस्तक हिसकावलं आणि पर्समध्ये कोंबलं. "आता बोल. पुस्तकाशिवाय."

एक स्टॉप गेला. दुसरा गेला. त्याने चष्मा पुसला, घातला, परत काढला.

"आश्लेषा... तू मला आवडतेस. पहिल्या दिवसापासून."

"मेल्या! एवढं बोलायला अख्खा देश पालथा घातलास?"

"छोटासाच आहे गं," तो म्हणाला, आणि माझा हात हातात घेतला.