आठव्या खेळातलं शून्य

पहिल्यांदा तो दिसला, तेव्हा आमच्या वखारीतला बांबू खांद्यावर घेऊन चक्क पळत सुटला होता.

मी ‘चोर’ म्हणून ओरडणार, तोच वीस पावलांवर थांबला, वळला आणि तसाच पळत परत आला.

“याचा तोल बरोबर नाही,” तो म्हणाला. “दुसरा दाखवता का?”

बुऱ्हाणपुरात लोक केळीला टेकू द्यायला बांबू नेतात, तेही शेकड्यानं. हा एकच नेणार, आणि त्याचे एवढे नखरे!

“केळीला लावायचाय ना?”

“नाही जी... उडी मारायचीय.”

हा निरंजन. दापोऱ्याच्या चुडामणकाकांचा मुलगा. डेकॅथलॉन खेळायचा, म्हणजे दोन दिवसांत धावणं, उड्या, फेक असे दहा खेळ. आठवा पोल व्हॉल्ट, म्हणजे लांब काठीच्या जोरावर आडव्या काठीवरून उडी. सरावाला फायबरचा पोल नव्हता, म्हणून शेतात वाळलेल्या केळीच्या पानांचा ढीग करून तो बांबूनं उडायचा.

मी एक सरळ, भक्कम बांबू निवडून दिला.

“तुटणार नाही ना?”

“बांबूची गॅरंटी माझी. तुमची नाही.”

तो हसला... आणि मी उगाचच ओढणी सारखी केली.

मग दर शनिवारी त्याला बांबू लागायला लागला. बांबू अर्ध्या मिनिटात निवडून व्हायचा, गप्पा तासभर चालायच्या. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही.

“१९१२ला स्टॉकहोममध्ये ऑलिंपिकचं पहिलं डेकॅथलॉन झालं. तेव्हाही बांबूचे पोल असायचे, मालूम? जिम थॉर्प जिंकला. पुढच्याच वर्षी त्याची पदकं काढून घेतली. परत द्यायला जवळपास सत्तर वर्षं लावली!”

“बाप रे! एवढी वाट कोण पाहील?”

“मी तर शनिवारपर्यंतसुद्धा...” तो अडखळला. कान लालबुंद.

विभागीय स्पर्धा आमच्याच शहरात होती. आधीची दोन वर्षं तो अर्ध्यातून परतला होता. या वेळी चुडामणकाकांनी बजावलं, “दहाच्या दहा पूर्ण कर, नाही तर खेळ बंद.”

“आणि दहा पूर्ण झाले ना मोनाली,” तो मला म्हणाला, “तर तुला एक विचारायचंय.”

काय विचारायचंय ते मला ठाऊक होतं. उत्तरही तयार होतं.

सात खेळ झकास झाले. आठव्याला त्यानं मला कुंपणापाशी पाहिलं आणि अक्कल गहाण टाकली. सोप्या उंच्या सोडून थेट मोठ्या उंचीवर सुरुवात केली. पहिली उडी — आडवी काठी खाली. दुसरी — खाली. तिसरी... तीही. शून्य!

त्यानं बॅग उचलली. “चाललो मी.”

“कुठे?”

“घरी. तुझ्यासमोर शून्य मिळालं यार... आता काय राहिलं?”

“दोन खेळ राहिले,” मी वाट अडवली. “डॅन ओब्रायन. १९९२. जगज्जेता होता. अमेरिकेच्या निवड चाचणीत याच खेळात, असाच मोठ्या उंचीवर सुरुवात करून तिन्ही उड्या चुकला. ऑलिंपिक हुकलं. तरी उरलेले खेळ खेळून मगच घरी गेला. चार वर्षांनी अटलांटात सोनं!”

तो बघतच राहिला. “तुला कसं माहीत?”

“तू शनिवारी जायचास, मग मी वाचत बसायचे. तुझ्यासाठी, बुद्धू!”

त्यानं बॅग माझ्या हातात दिली.

भाला बरा गेला. पंधराशे मीटरला तो शेवटून दुसरा आला, पण आला. मग रिवाजाप्रमाणे सगळे खेळाडू हातात हात घालून मैदानाला एक फेरी मारून आले. फेरी संपताच तो धापा टाकत थेट माझ्यापुढे उभा.

“मोनाली... माझ्याशी... लग्न करशील?”

“परत थेट मोठ्या उंचीवर?” मला हसू आवरेना. “आधी सोपी उंची घे ना!”

त्यानं कपाळावर हात मारला. जरा विचार केला.

“बरं... चहा घेशील?”

“घेईन.”

टपरीवर दोन कट मागवले. माझा ग्लास संपेपर्यंत दम धरायचं मी ठरवलं होतं... पण पहिल्याच घोटाला तोंडून निघून गेलं, “हो, करीन.”