लाभ, दोन, तीन

मी एकतीस वर्षं सरकारी आकडेवारीच्या खात्यात काढली. माणसं, गुरं, विहिरी, कडबा कापायची यंत्रं, जे दिसलं ते मोजलं. मोजणीत माझी चूक होते असं कुणी म्हटलं की मला राग यायचा, अजूनही येतो. आमचे हे म्हणतात, हिला देवळात नेलं तरी आधी समया मोजेल. खरं आहे. मोजतेच.

निवृत्तीनंतर घरात बसून भिंती मोजायची वेळ आली होती, तेवढ्यात देवेश आला. आमच्या एन-पाच वसाहतीतल्या शेजाऱ्यांचा मुलगा, इमारतींचे नकाशे काढतो. दौलताबादच्या पुढं, खुलताबादच्या रस्त्याला डावीकडं एक उजाड माळ आहे. दुसऱ्या महायुद्धात तिथं इटलीचे कैदी ठेवले होते. आठ महिने फक्त. दगडाच्या खाणीवर कामाला नेत, संध्याकाळी परत आणून तारेच्या आत कोंडत. तारा कधीच भंगारात गेल्या, फाटकाचे दोन दगडी खांब तेवढे उरले. पण लोक अजून त्याला तारमाळच म्हणतात. देवेशला तिथं एका खोलीचं स्मृतिघर बांधायचं होतं.

"वैजूताई, बांधकाम मी बघतो. आकडे तुम्ही बघा," तो म्हणाला. मला तेवढंच पाहिजे होतं.

आकडे सोपे होते. छावणीला धान्य पुरवणाऱ्या ठेकेदाराच्या घरी, रद्दीत, हजेरीची वही सापडली होती. रोज संध्याकाळी गेटवर गिनती व्हायची, त्याच्या रेघा. पाच-पाचच्या जुड्या, रोज आठ. चाळीस कैदी. एकाही दिवशी खाडाखोड नाही. अशी वही बघितली की मला बरं वाटतं. देवेशनं ठरवलं की फाटकापासून एका ओळीत चाळीस दगडी खुंट उभे करायचे, कमरेएवढे, कैदी उभे राहायचे तसे.

माळावर आम्ही चौघं असायचो. मी, देवेश, लोकांच्या आठवणी फोनवर चित्रित करणारी तनुजा, आणि तिचे आजोबा सांडूबाबा. बाबा चौऱ्याण्णव वर्षांचे. छावणी डोळ्यांनी पाहिलेला तेवढा एकच माणूस उरला होता.

चहा रस्त्यावरच्या टपरीवरून गोकुळ आणायचा. माणसं चार आणि कप पाच. रोज. चौथ्या दिवशी मी त्याला धरलंच.

"गोकुळ, तुला चारपर्यंत मोजता येत नाही का रे?"

"टपरीवरून बघितलं की पाच दिसत्यात, मॅडम. सच्ची." मग हसला. "असूं द्या की. पाचामुखी परमेश्वर."

पाचवा कप देवेश पिऊन टाकायचा. विषय संपायचा.

सांडूबाबा मात्र आमच्याकडं आठवणी सांगायला आलेच नव्हते. ते दाद मागायला आले होते. पहिल्याच दिवशी त्यांनी तनुजाला फोन बंद करायला लावला आणि माझ्यासमोर हात जोडले. मला लाज वाटली.

"बाई, माझा बाप रावजी. मोंढ्यात मापारी व्हता. लोकांचं धान्य मापून द्यायचा. गिनतीला मानूस कमी पडला म्हनून सायबानं त्याला हितं गेटवर हुबा केला. कैदी परत आले की मोजायचे. आठ महिन्यांनी छावनी उठली, तवा वरून कागद आला, म्हने एक कैदी कमी. आळ बापावर. रावज्यानं पैसे खाऊन गोरा सोडला. नोकरी गेली, मोंढ्यात माप हातात देईना कुनी. तवापासून आमच्या घराला गोराविके म्हनत्यात."

"अजूनही?"

"माझ्या बहिनीचं लगीन त्यापायी मोडलं. हिला कॉलेजात पोरं म्हनायची, गोरा केवढ्याला दिला?"

तनुजा दुसरीकडं बघत होती.

"भिंतीवर तुमी सगळं लिव्हनार. तेवढं एक लिव्हा बाई. माझ्या बापानं मानूस इकला नाय. मंग मी मरायला मोकळा."

मी म्हटलं, पुरावा असेल तर लिहीन. आता वाटतं किती कोरडी बोलले मी. पण पुरावा नसताना मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी परदेशातल्या एका दफ्तरखान्यातून देवेशच्या ईमेलवर यादी आली. तारमाळाला पाठवलेले कैदी, नावानिशी. मी नावं मोजली. एक्केचाळीस. पुन्हा मोजली. एक्केचाळीस. पहिलं नाव आल्दो ब्रुनेत्ती, शेतमजूर, वय तेवीस.

म्हणजे आले एक्केचाळीस आणि वहीत चाळीस. आळ खोटा ठरायच्या ऐवजी दुष्काळात तेरावा महिना. देवेश म्हणाला, बाबांना सांगायचं कसं?

मी सांगितलं. लपवणं माझ्या स्वभावात नाही. बाबा रडले नाहीत की चिडले नाहीत, नुसते मान हलवत राहिले. "बाप म्हनायचाच. एक्केचाळीस. मरस्तोवर एक्केचाळीसच म्हनायचा."

"बाबा, पण वहीत पहिल्या दिवसापासून चाळीस रेघा आहेत. तुमचे वडील मोजायचे आणि रेघा कोण मारायचं?"

"मद्रासकडचा कारकून. बाप वरडायचा, त्यो रेघ मारायचा. त्याला आपली बोली कळत नव्हती, आकडे तेवढे शिकला व्हता."

"वडील कसे ओरडायचे? तसं म्हणून दाखवा."

बाबा काठी टेकून उठले. फाटकाच्या खांबाशी गेले. हातात माप असल्यासारखा हात पुढं केला आणि मोंढ्यातल्या चालीवर सूर लावला. "लाऽभ! दोन! तीन! चार!"

मी उडालेच. "लाभ?"

"मापारी पहिल्या मापाला एक म्हनत नाय. बरकत जाती. पहिलं माप लाभ."

अहो, मला हे माहीत होतं! लहानपणी आमच्या अंगणात ज्वारी मापायला मापारी यायचा, तोही लाभ म्हणायचा. चाळीस-पन्नास वर्षांत कानावर आलं नव्हतं, इतकंच. कारकुनाला आकडे कळत होते. लाभ हा आकडा आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं असेल हा देवाचं नाव घेतो. तो 'दोन'ला पहिली रेघ मारायचा, आणि शेवटच्या आकड्याकडं लक्ष न देता बेरीज रेघांचीच धरायचा. रोज एक्केचाळीस माणसं, रोज चाळीस रेघा. मी टाळी वाजवली, तनुजाला मिठी मारली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एक शब्द, आणि ऐंशी वर्षांचा आळ!

देवेश एकटा वहीची पानं उलटत होता. मग म्हणाला, "ताई, जेवण रेघांवर मिळायचं ना?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. जेवण, घोंगडी, औषध, सगळं रेघांवर. ओळीत पहिला उभा राहणारा माणूस आठ महिने कागदावर नव्हताच.

"त्याचं काय झालं, बाबा?"

बाबांनी काठीनं माती उकरली. "काही दिस बाप आपल्यातली भाकर द्यायचा त्याला. आमीच आनून द्यायचो. थंडीत त्याला दुसऱ्याच्या घोंगडीत घेत नव्हते. मंग एक दिवस सकाळी कामाला जाताना दिसला नाय. कुनी हुडकला नाय. हुडकनार कोन, कमीच नव्हता पडला."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी बापानं मोजले. एक्केचाळीस भरले." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "त्येच तर बाप सांगायचा, बाई. तो गेल्यावरबी रोज एक्केचाळीसच भरायचे. लाभ म्हनलं की समोर कुनीतरी असायचंच."

मी ते सोडून दिलं. म्हातारपणी आठवणी एकमेकींत मिसळतात, हे मी खेड्यापाड्यांत हजार घरं हिंडून शिकले आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुंटांसाठी खड्डे खणून झाले होते, जुन्या नकाशाप्रमाणं चाळीसच. मजूर जेवायला गेले होते. ऊन कडक होतं, दौलताबादचा किल्ला धुरकट दिसत होता. मी फाटकापासून खड्डे मोजले. एक, दोन, तीन. चाळीस. मग उगीच गंमत म्हणून बाबांच्या चालीवर मोजले. लाभ, दोन, तीन. शेवटच्या खड्ड्यावर एक्केचाळीस म्हटलं.

मी परत आले. एक, दोन. चाळीस. पुन्हा, लाभ, दोन. एक्केचाळीस.

  मी देवेशला हाक मारली आणि त्याच्यासमोर मोजून दाखवलं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही 'लाभ' पहिल्या खड्ड्यावर म्हणतच नाही. त्याच्या अलीकडं थांबता. हात पुढं करता, लाभ म्हणता, आणि मग खड्ड्याकडं येता."

"अलीकडं काय आहे?"

"काही नाही. मोकळी जागा."

आपण थांबलो हे मला आठवत नव्हतं. मी त्या जागेवर जाऊन उभी राहिले. मे महिन्याच्या त्या उन्हात तिथं ओल्या घोंगडीचा वास येत होता.

एक्केचाळिसावा खड्डा आम्ही तिथंच घेतला. दुसरीकडं कुठं घेणार? ओळ यादीच्या क्रमानंच लागत असणार, म्हणून यादीतलं पहिलं नाव त्या खुंटावर कोरलं. भिंतीवरचा मजकूर मी स्वतः लिहिला. चार वेळा लिहिला, शेवटी दोनच वाक्यं ठेवली. 'रावजी मापारी यांची मोजणी बरोबर होती. कैदी एक्केचाळीस होते.'

उद्घाटनाला गाव लोटलं. बाबांना वाचता येत नाही, तनुजानं त्यांचं बोट अक्षरांवरून फिरवलं. 'बरोबर' या शब्दावर त्यांनी बोट थांबवलं आणि ते हमसून हमसून रडले. ज्यांनी जन्मभर गोराविके म्हटलं, त्यातले दोघे जण त्यांच्या पाया पडले. इतका आनंद मला माझ्या बढतीचाही झाला नव्हता.

गर्दी पांगली. आम्ही चौघं उरलो. गोकुळ चहा घेऊन आला. मी सवयीनं कप मोजले.

चार.

"शिकलास रे शेवटी!" मी म्हटलं. तो हसला नाही. त्यानं बाबांना कप दिला, तनुजाला दिला, देवेशला दिला. चौथा नेऊन पहिल्या खुंटावर ठेवला.

"आणि माझा?"

गोकुळ थाळी काखेत मारून निघाला होता. तनुजानं त्याला हाक मारली. मला वाटलं माझ्यासाठी. ती म्हणाली, "आज बरोब्बर आणले हां!"

"अगं तनुजा."

ती कपातल्या चहावर फुंकर घालत होती.

देवेशनं बाबांना हात धरून गाडीत बसवलं, तनुजा मागं बसली. मी दाराला हात घालेपर्यंत गाडी रस्त्याला लागली. मी ओरडले. देवेश आरशात बघत होता. मी त्याला आरशात दिसायलाच हवी होते.

फाट्यावर काळीपिवळी जीप उभी होती. मी खिडकीशी बसले. ड्रायव्हरनं आत डोकं घालून माणसं मोजली आणि बाहेर ओरडला, "एकच शीट! चला, एकच शीट!" वाटेत मिटमिटा गावाला एक बाई चढली आणि माझ्या जागेवर बसायला लागली. मी घाईनं सरकले. पैसे मला कुणी मागितले नाहीत.

घरी आमचे हे पेपर वाचत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. घरोघर माणसं मोजायला आलेली मुलगी होती. माझंच जुनं काम. मी तिच्यासाठी पाणी घेऊन दारात आले.

"घरात किती जण, काका?"

बेचाळीस वर्षांचा संसार आहे आमचा. ह्यांनी चष्मा काढला, जरा विचार केला.

"एक," ते म्हणाले. "मी एकटाच."

मुलीनं रेघ मारली.

मला खूप रडू आलं. ते कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही.

आता मी रोज तारमाळावर जाते. शनिवार-रविवारी तिथं माणसं येतात. तनुजा त्यांना माहिती सांगते आणि शेवटी त्यांना फाटकापासून एका ओळीत उभं करते. सांडूबाबा काठी टेकत येतात, हात पुढं करतात. मी सगळ्यांच्या पुढं, पहिल्या खुंटाच्या अलीकडं उभी असते. तिथं मोकळी जागा आहे. त्याला खुंट मिळाला, मला ती जागा.

"लाऽभ!" बाबा म्हणतात, आणि त्यांचा हात माझ्या दिशेला असतो. तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं.

परवा नगरहून सहा जण आले होते. तनुजा आणि बाबा धरून आठ; टपरीवरून गोकुळला किती दिसले कुणास ठाऊक. गोकुळ चहा घेऊन आला. मी मोजले. नऊ कप होते.