आपल्याले टेंडर भराचं नाही

“त्या ट्रॅव्हल्सवाल्याले सरळ सांगजो, आपल्याले टेंडर भराचं नाही. तिकिटं काढली, पैसे दिले, आता मधातच टेंडर कुठून आलं?”

बाबांचा हा आवाज मोताळ्यापासून मलकापूरपर्यंत बसमध्ये माझ्या शेजारी बसून आला. बाबा म्हणजे रंगराव, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टेंडरं उघडण्यात गेली, त्यामुळे त्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नाही.

गोष्ट अशी होती. सिंगापूरला असलेल्या गणेशदादानं आई-बाबांसाठी जहाजाची सफर ठरवली होती. तो त्यांच्या बरोबर असणार होता. मला शाळेतल्या नोकरीमुळं जमणार नव्हतं. जहाज वाटेत जिथं थांबेल, तिथं खाली उतरून फिरायच्या सहली मात्र वेगळ्या निवडायच्या होत्या. त्या समजावून सांगणारं कुणीतरी जवळ असावं म्हणून दादानं ते काम मलकापूरच्या एका ट्रॅव्हल्सकडे दिलं होतं. तिथून निरोप आला — बेटावर टेंडर आहे, एकदा येऊन जा.

मी पोहोचले तेव्हा शटर बंद होतं. श्रावणातली भुरभुर चालू होती... अंगाला लागतेय की नाही, अशी. मी पत्र्याखाली उभी राहून पिशवीतून पोथी काढली. माझा रोजचा नेम आहे: सकाळी तुळशीला पाणी घातल्यापासून पोथीचा एक अध्याय पुरा होईपर्यंत मी बोलत नाही. त्या दिवशी पहिल्या बसच्या घाईत अध्याय राहिला होता. कंडक्टर ओळखीचा, त्यानं न विचारताच तिकीट फाडलं होतं.

एक जण मोटरसायकलवरून उतरला. कपाळावर ओले केस, हातात किल्ल्यांचा जुडगा.

“कोणाकडे आलात?”

मी पोथीवरून नजर उचलली आणि परत खाली घातली.

“ऑफिसात काम आहे का?”

मी मान हलवली. तो थबकला. मग त्याचा चेहरा एकदम मऊ झाला, आणि तो बोटांनी खुणा करायला लागला — हे दुकान, मी उघडतो, तुम्ही बसा. जहाज दाखवताना तळहात लाटेसारखा वर-खाली केला. वर आवाजही मोठा केला, मला ऐकायलाही येत नसावं असा. “आत... पंखा... आहे.”

हसू दाबता दाबता ओव्या अडखळायला लागल्या. तरी अध्याय पुरा केला, पोथी डोळ्यांना लावली आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, “बाबांनी सांगितलंय, आम्हाला टेंडर भरायचं नाही.”

त्याचा हात हवेतच राहिला. लाटेवर.

“तुम्ही बोलता?”

“नेम झाल्यावर.”

“अन् मी इथं—” त्यानं आपल्या हाताकडे पाहिलं, “—सर्कस करून राह्यलो.”

“जहाज छान केलंत.”

त्याचे कान लाल झाले. आल्हाद त्याचं नाव. माझं विचारलं, मी सांगितलं.

“करिष्मा?” तो खुर्ची पुसता पुसता थांबला. “नाव एवढं धडाक्याचं, अन् आवाज असा... देवघरातला.”

“नाव बाबांनी ठेवलंय. आवाज आईचा आहे.”

चहा आला. त्यानं विचारलं, “बाबा बांधकाम खात्यात होते का?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“टेंडरला एवढं भिणारं दुसरं कोण असणार?”

मग त्यानं समजावून सांगितलं. हे टेंडर म्हणजे एक छोटी होडी. काही बेटांपाशी मोठ्या जहाजाला धक्क्याला लागता येत नाही. ते दूर, खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसांना या होडीतून किनाऱ्यावर नेतात. जहाजातून होडीत पाय टाकायचा... आणि होडी हलत असते.

मी कप खाली ठेवला. “मग आई नाही उतरणार.”

“काऊन?”

अनोळखी माणसाशी मी इतकं कधी बोलत नाही. पण सांगितलं. लोणारला, अजिंठ्याला, जिथं म्हणून आम्ही गेलो तिथं आई गाडीत बसून राहिली, सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत. ‘या तुम्ही पाहून, मी आहे इथं’ हे वाक्य तिच्या तोंडात इतकं बसलंय की गाडी थांबायच्या आधीच ती ते म्हणते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टर चालायला सांगतात, पण मनातली भीती काही कुणी कापून काढली नाही. जहाजाला ती हो म्हणाली ती माझ्या हट्टाखातर. आणि समुद्रापर्यंत जाऊनही तिला जहाजातच बसून राहावं लागलं, तर ती पुन्हा घराबाहेर पडायचं नाव काढणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं.

आल्हाद ऐकत होता.

“सध्या काहीच भरू नका,” तो म्हणाला. “आधी पाहू, तिथं नेमकं काय करा लागते.”

त्यानं माहितीपत्रक पुढं केलं. प्रत्येक सहलीपुढं चालणाऱ्या माणसाचं चित्र होतं. एक माणूस म्हणजे सोपी, दोन म्हणजे मध्यम, तीन म्हणजे अवघड.

“पण यावर जाऊ नका. हे चित्र काढणाऱ्याचे गुडघे तरुण असतात. इथं लिहिलंय, ‘थोडं चालणं’. थोडं म्हणजे किती? आपल्याकडं वाट विचारली तर लोक म्हणतात, ‘हे काय, इथंच’, अन् माणूस पार पुढच्या गावाले जाऊन पोचते.”

“मग कसं कळायचं?”

“विचारून. तिथल्या माणसाला मी विचारतो, तुम्ही मला आईंचं सांगा. आरतीला किती वेळ उभ्या राहतात?”

असला प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. “आरतीभर राहते. मंत्रपुष्पांजलीला खुर्ची लागते.”

“एसटीची पायरी?”

“दांडा धरून चढते. उतरताना घाबरते.”

“उतरताना...” तो स्वतःशीच म्हणाला.

पाऊस केव्हाच थांबला होता. ते आम्हा दोघांनाही उशिरा दिसलं.

त्याचे फोन यायला लागले. तेही नेमके सकाळी, माझं मौन असताना. पहिल्यांदा मी फोन उचलला आणि गप्प राहिले.

“नेम चालू आहे का? असेल तर फोनवर टिचकी मारा.”

मी टिचकी मारली.

“मग आज माझं नशीब चांगलं. मधात कोणी बोलणार नाही. ऐका — ती ‘सोपी’ लिहिलेली सहल आहे ना, तिची बस उंच आहे. वर देवळाला पायऱ्या, अन् कठडा नाही. ‘मध्यम’ लिहिलेली समुद्रकिनाऱ्याची आहे. मध्यम काऊन, म्हटलं. तं म्हणे, ऊन लागते. बाकी सपाट लाकडी वाट, जागोजाग बाक. आता मोताळ्याच्या माणसाले ऊन कोण शिकवते?”

टिचकी.

“ही ‘हो’ म्हणून, का हसू आलं म्हणून?”

मी दोन मारल्या.

“दोनाचा अर्थ आपण ठरवलाच नाही,” तो म्हणाला. फोन मात्र कुणीच ठेवला नाही...

बाबांच्या मनात दुसऱ्या बंदराजवळचं, डोंगरातलं कार्तिकस्वामींचं देऊळ भरलं होतं. आल्हादनं त्याची सगळी चौकशी केली. चढ कसा आहे, आई खाली कुठं बसेल, तिथं सावली कुठवर येते. सगळं ऐकून मी संध्याकाळी फोन केला. “आमच्या घरातल्या बायका कार्तिकस्वामींचं दर्शन घेत नाहीत. पायऱ्या असोत, नसोत.”

“हे पहिलेच सांगाचं ना हो.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“अजून काही विचाराचं राह्यलं असन तं सांगून ठेवा.”

“विचारा... मग सांगते.”

असं आपण कसं बोलून गेलो म्हणून फोन ठेवल्यावर मी बराच वेळ देवापुढं बसून राहिले. पण पश्चात्ताप काही झाला नाही.

होडीचं कोडं मात्र फोनवर सुटत नव्हतं. आईनं आपलं नेहमीचं धरून ठेवलं होतं. “ह्यांले जाऊ द्या. मी जहाजावरच बसून राहीन.”

तेव्हा आल्हादनं नळगंगा धरणाचं नाव काढलं. तुळशीराम म्हणून त्याच्या ओळखीचे एक मासे धरणारे होते. “समुद्रात पाहायच्या आधी आपल्या पाण्यात पाहू,” तो म्हणाला.

दिवाळी झाली होती. सकाळचं ऊन कोवळं आणि पाणी गार, काठावरच्या दगडांना लागून होडी हलत होती. आई तिच्याकडे असं पाहत होती की जणू ती चावणार आहे.

“आई, हात नका देऊ,” आल्हाद म्हणाला. “हात दिला की माणूस ओढला जातो. कोपर द्या. मी फक्त धरतो, पाय तुमचा तुम्ही टाकायचा.”

“माय, पाण्याची घाई नोको करू,” तुळशीरामभाऊ होडीतून म्हणाले. “थे वर येते, मंग खाली जाते. वर आली का पाय टाक.”

होडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली.

“या तुम्हीच पाहून, मी...” आई म्हणायला लागली. मी डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. उघडले तेव्हा होडी वर आली होती, आणि आईचा पाय होडीत होता. मग दुसरा.

“एवढंच?” आई म्हणाली. तिच्या आवाजात आनंद नव्हता, राग होता. इतकी वर्षं कुणीतरी तिला फसवून ठेवल्यासारखा.

बाबा मागून चढले. “मी तं पहिलेच म्हणलं होतं, टेंडर तपासल्याबिगर भराचं नाही.”

तुळशीरामभाऊ दोघांना घेऊन पाण्यावर गेले. काठावर आम्ही दोघंच उरलो. वारा माझा पदर ओढत होता, आणि आल्हादला कुठं पाहावं ते कळत नव्हतं.

“एक विचारायचं राहिलं होतं,” तो म्हणाला.

“विचारा.”

“आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. जिना जरा उभा आहे... पण दोन्हीकडून कठडा आहे. देवघर पूर्वेला. सकाळी कोणी बोललं नाही तरी चालते. माझी आई दोघींचं बोलून घेते.”

“हे कुणासाठी सांगताय?” मला कळलं होतं. तरी ऐकायचं होतं.

“बुकिंगच्या आधी सगळं सांगावं लागते.” तो पाण्याकडे पाहत हसला. “आता तुम्ही सांगा. या सहलीपुढं किती माणसं काढायची?”

ओठांवर आलेलं उत्तर मी आवरलं. दूर होडीत आई बसली होती. दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून, पण ताठ.

“आईचा पाय त्या बेटाच्या वाळूला लागू दे,” मी म्हणाले. “माझ्या हट्टानं निघालीय ती. तोवर माझं मन कशातच लागणार नाही. पाय लागला, की त्याच दिवशी मी येईन. समोर बसून सांगेन, फोनवर नाही.”

“नक्की?”

“शब्द देते.”

“अन् नाहीच उतरता आलं त्यांना, तर?”

मी होडीतल्या आईकडे पाहत राहिले.

आई-बाबा जहाजावर गेले, आणि बेट येण्याच्या आदल्या संध्याकाळी गणेशदादाचा निरोप आला. वारा सुटलाय, समुद्र खवळलाय, उद्या होड्या सोडतील की नाही ते सकाळी कळेल. आल्हादला मी तो कळवला. त्याचं उत्तर एवढंच होतं — ‘पाण्याची घाई नको.’

सकाळी उठले. तुळशीला पाणी घातलं, दिवा लावला, पोथी उघडली. रविवार होता, शाळेचंही निमित्त नव्हतं. डोळे ओळीवरून फिरत होते, पण मन त्या बेटापाशी होतं. तिथं ऊन कधीच वर आलं असणार. इतक्यात फोन वाजला. आई, व्हिडिओवर.

“बोलू नको, तुहा नेम असन,” ती म्हणाली. “नुसती पाह्य.”

फोन वाकडातिकडा झाला. आधी आभाळ दिसलं, मग लाकडी वाट, मग साडीचा वर धरलेला काठ. आणि त्याखाली आईचे पाय. ओल्या वाळूत घोट्यापर्यंत. एक लाट आली, पायांवरून गेली, परत फिरली. पाय तिथंच.

“उशिरा सोडल्या होड्या,” आई सांगत होती. “जरा थरथरली मी. पण कोपर दिलं, अन् वर यायची वाट पाह्यली. तुह्या बाबाले मातर दोघांनी धरून उतरवलं. डोळे मिटून घेतले होते त्यांनी.”

“ऊन डोळ्यावर येत होतं,” बाबांचा आवाज मागून आला.

“हाव, ऊन,” आई म्हणाली आणि हसली. असं हसताना मी तिला देवदर्शनातसुद्धा पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, “थांब वं, मले अजून थोडं आत जायचंय,” आणि फोन बंद झाला.

डोळे वाहिले, वाहू दिले. मग तोंड धुतलं आणि अध्याय पहिल्या ओवीपासून पुन्हा सुरू केला. या वेळी एकही ओवी सांडली नाही.

अबोली रंगाची साडी नेसले. देवाला नमस्कार केला. कुलूप लावत होते तेव्हा शेजारच्या सिंधूताई अंगण झाडत होत्या.

“सुट्टीच्या दिवशी कुठं निघाली वं?”

“मलकापूरला. एकाला काही सांगायचंय.”

“मंग फोन करून सांग ना. एवढ्यासाठी कायले जातं?”

मी नुसती हसले आणि फाटक लोटलं. रस्त्यानं कापसाच्या गाड्या मलकापूरकडे निघाल्या होत्या. बसस्टँडपर्यंत पोचले तोच पिशवीतला फोन वाजायला लागला. पाहिला, त्याचंच नाव होतं. वाजून वाजून तो थांबला, परत वाजायला लागला. मी त्याला तसाच वाजू दिला, आणि बसमध्ये चढून खिडकीजवळ बसले.