दोन बोटांचं वजन

पंकजाची आणि केविनची ओळख झाली, तेव्हा पंचेचाळीस किलोचा रॉड तिच्या छातीवर ठाण मांडून बसला होता. केडगावच्या त्या जिममध्ये ती नवीन. हाक कुणाला मारावी, याच विचारात ती घुसमटत होती. शेजारून एक उंच मुलगा आला आणि त्यानं रॉड उचलून जागेवर ठेवला.

"हाक मारायची ना."

"नाव म्हाईत नसताना कशी मारू?"

"केविन."

"बरं… पुढच्या टायमाला मारीन."

पुढची वेळ दुसऱ्याच दिवशी आली, आणि मग रोजच येत राहिली. काही ओळखींना निमित्त लागत नाही म्हणतात. या ओळखीला चांगलं पंचेचाळीस किलोचं मिळालं होतं.

पंकजा तिसगावची. आईवडील ऊसतोडीला जायचे, बारावीपर्यंत तिनंही उसाच्या मोळ्या वाहिल्या होत्या. आता ती शहरात मावशीकडे राहून कॉलेज करत होती. वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. राज्याच्या पॉवरलिफ्टिंग स्पर्धेसाठी निवड झाली तर शहरात राहायचं, नाहीतर पुढच्या हंगामाला टोळीबरोबर निघायचं. मोळ्यांनी पाय आणि कंबर पोलादी केली होती, पण घोडं अडत होतं बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून रॉड उचलायला. तिथं साठ किलो हवे होते.

केविन रोज तिच्या डोक्याशी उभा राहून सपोर्ट द्यायचा. रॉड अडला की ती डोळे गच्च मिटायची आणि वरून आवाज यायचा, "जातोय… तूच उचलतेयस." मग रॉड खरंच जायचा. पंधरा दिवसांना अडीच किलो असं करत दिवाळीनंतर साठ झाले. त्या दिवशी दोघांनी नाक्यावर उकडलेली अंडी खाल्ली. केविननं आपल्या ताटातलं एक अंडं तिच्याकडे सरकवलं. ती नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी जिमचे आसाराम सर म्हणाले, "आज सपोर्टला मी थांबतो."

साठ किलो छातीवर आले आणि तिथंच राहिले. साडेसत्तावन्नही हलले नाहीत. पंचावन्न कसेबसे गेले. सरांनी केविनकडे पाहिलं. "तुझी बोटं कुठं असायची रे?"

केविनचे कान लाल झाले. "रॉडखाली… दोनच, सर."

"दोन बोटांचं वजन पाच किलो व्हय?" पंकजा एवढंच बोलली आणि पिशवी उचलून निघून गेली. तिला राग आला होता, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटत होती. तीन-चार महिने ती ज्या ताकदीवर फुशारत होती, त्यातली काही दुसऱ्याचीच निघाली.

संध्याकाळी तिनं आईला फोनवर सगळं सांगितलं. साळूबाई उसाच्या फडातून बोलत होती. "मोळी डोक्यावर घ्यायला हात लागतोच, बाई. पर मोळी बसली की हात सोडायचा. धरून चाललं तर दोघंबी पडत्यात."

सकाळी केविन जिमच्या पायरीवर बसला होता.

"का केलं असं?"

"तू डोळे मिटायचीस ना… मला बघवायचं नाही. आवडतेस म्हणून."

पंकजा सुखावली, पण चेहऱ्यावर तिनं ते दिसू दिलं नाही. "आवडते, तर सोडाया शिक. रॉड स्टँडवरून काढून द्यायचा आन हात मागं बांधायचे."

त्यानंतर दहा आठवडे निव्वळ काम झालं. ती पंचावन्नवरून खाली आली, पन्नासवर. रॉड छातीवर क्षणभर थांबवायचा, पाय जमिनीत रोवायचे, खांदे मागे आवळायचे, दिवसाआड विश्रांती घ्यायची. सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटा चढत गेल्या. केविन पाठीशी हात बांधून उभा राहायचा आणि मनातल्या मनात प्रार्थना म्हणायचा.

फेब्रुवारीत सरांनी निवड चाचणी घेतली. केविननं साठ किलोचा रॉड काढून दिला आणि हात मागे नेले. रॉड खाली आला, थांबला, वर निघाला… आणि मध्येच अडला. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत. वर केविनचा उलटा चेहरा दिसत होता, घामेजलेला. त्याचे हात मात्र पुढे आले नाहीत. रॉड बोटभर सरकला, मग आणखी थोडा, आणि कोपरं सरळ झाली.

"झाले साठ," सर म्हणाले, आणि त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं.

पंकजा उठून बसली. घट्ट पकडीसाठी लावलेल्या खडूनं पांढरा झालेला हात तिनं केविनपुढे धरला.

"दे आता हात."

"मग… सोडायचा कधी?"

"ह्यो न्हाई सोडायचा."