संदर्भ क्रमांक चौदा

आत्याबाई चौदाव्या संदर्भावर अडून बसल्या, तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता आणि नाझनीनचा डबा अजून उघडलेलाही नव्हता.

आत्याबाई म्हणजे कुणी माणूस नव्हे. शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवण्याआधी त्याची संदर्भसूची तपासणारी ती एक प्रणाली. खरं नाव ‘मूळशोधक’. आधीच्या प्रणाली आडनाव, साल, पृष्ठक्रमांक आणि स्वल्पविराम जागेवर आहेत ना, एवढंच बघायच्या. ही मात्र एकेक विधान धरून मागे मागे जायची. तुम्ही हे कुणाकडून घेतलंत? त्यानं कुणाकडून घेतलं? आणि मुळात मोजलं कुणी? लग्नाच्या मांडवात दिसेल त्या पोरीला धरून ‘कुणाची गं तू?’ विचारणारी एक आत्या असतेच, तशी. म्हणून रत्नागिरीच्या त्या महाविद्यालयातल्या सागरी जीवशास्त्र विभागानं तिचं असं बारसं करून टाकलं होतं. तिच्या शिक्क्याशिवाय आता कुठलंही मोठं नियतकालिक निबंधाला हात लावत नसे.

पाच वाजेपर्यंत निबंध गेला नाही, तर विशेषांक हुकणार होता. आणि निबंध स्वीकारला जात नाही तोवर नाझनीन काझीला पीएच.डी.चा प्रबंध सादर करता येत नव्हता. चार वर्षं झाली होती बिचारीला.

“मॅडम, बघा ना ही काय म्हणतेय!”

डॉ. वैजयंती तोडणकर, तिच्या मार्गदर्शक, चष्मा सावरत पडद्याशी आल्या. विधान अगदी साधं होतं. पावसाळ्यात खाडीची क्षारता पाचावर उतरली, म्हणजे हजार भाग पाण्यात पाचच भाग मीठ उरलं, की कालवं शिंपले मिटून घेतात. हा आकडा जगातल्या दोनशे बारा निबंधांत होता. आत्याबाईंनी सगळ्यांचे धागे काढून दाखवले होते. नॉर्वेवाल्यांनी ब्राझीलवाल्यांकडून घेतला, त्यांनी कोचीच्या एका आढाव्यातून, आणि त्या आढाव्यानं एका एम.एस्सी.च्या प्रबंधिकेतून. रत्नागिरी, २००९. लेखिका: पाटकर, व्ही. एस.

खाली प्रश्न होता: ‘हे मोजल्याची नोंद जोडा किंवा “लेखकाचा शोध लागत नाही” यावर खूण करा.’

“करून टाकते खूण,” नाझनीन म्हणाली. “कोण कुठली ही पाटकर! आपल्याच गावची निघाली खरी, पण आता कुठे सापडायची? लग्न होऊन गेली असेल कुठेतरी.”

“गेली असेल,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

लग्न होऊन ती पाटकर फार लांब गेली नव्हती. खालच्या आळीतून वरच्या आळीत आली होती, एवढंच. २००९ साली, प्रबंधिका द्यायच्या आदल्या संध्याकाळी, बाइंडर सहाला दुकान बंद करणार होता आणि प्रबंधिकेत एक जागा कोरी राहिली होती. वर्गात सर एकदा म्हणाले होते, ‘चारपाच असेल.’ तिनं ‘पाच’ लिहिलं आणि कुणी विचारू नये म्हणून तळटीप घातली, ‘अप्रकाशित निरीक्षण’. पुढे ती ते साफ विसरली. आणि कहर म्हणजे, नाझनीनला विषय देताना हाच आकडा तिनं नॉर्वेच्या निबंधातून डोळे झाकून उचलला होता. नॉर्वेवाले काय उगाच लिहितील?

एक खूण केली की सुटका होती. कुणाला कधी कळलंही नसतं.

पण नाझनीनचं काम काही नुसतं कागदावरचं नव्हतं. शिंपले मिटले की कालवांचं खाणंपिणं थांबतं, आणि तीन दिवसांत त्यांच्या दोरीवर वाढवलेल्या माळा खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात न्याव्या लागतात. तिनं बनवलेला इशारा खाडीत कालवं पाळणाऱ्या बायकांच्या फोनवर जात होता. त्यांतलीच एक, तिची खाला म्हणजे मावशी, दर पावसाळ्यात करवादायची, “तुमचा इशारा येतो तोवर आमची कालवं मेलेली असतात गं!” ही तफावत नाझनीननं निबंधात ‘मर्यादा’ या मथळ्याखाली दोन ओळींत उरकली होती.

नाझनीनचं बोट खुणेवर गेलं.

“थांब,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “ती पाटकर मीच.”

“म्हणजे माहेरच्या...” नाझनीन हसायलाच लागली. “मग प्रश्नच मिटला की! मोजल्याची वही असेलच तुमच्याकडे.”

“मोजलंच नव्हतं गं.”

नाझनीननं डबा उघडला, आत बघितलं आणि खाडकन बंद केला. “चार वर्षं, मॅडम! चार वर्षं मी त्या पाचावर घातली!”

“माहितेय. लाज वाटतेय मला. वर तोंड करून बोलायची सोय नाही.” बाईंनी पदर खोचला. “मोठा टब रिकामा आहे का?”

दोघी टबाशी स्टूल टाकून बसल्या. खाडीच्या पाण्यात बारा कालवं, सगळ्यांचे शिंपले किंचित उघडे. बाई मगानं नळाचं पाणी घालत होत्या, नाझनीन क्षारतामापक वाचत होती. सतरा. पंधरा. तेराला पहिलं मिटलं. बाराला चार. अकराला टपाटप सगळी बंद, एक नाठाळ सोडून.

“तुझ्यासारखं आहे,” बाई म्हणाल्या.

“माझ्यासारखं? ते तर तुमच्या पाचाची वाट बघतंय, व्ही. एस. पाटकर!” नाझनीन म्हणाली. राग ओसरायला लागला होता. तिनं धावत जाऊन गणितात पाचाऐवजी अकरा घातले. पडद्यावर तिचा आलेख सरकला आणि तीन पावसाळ्यांच्या खऱ्या नोंदींवर जाऊन अलगद बसला. दीड दिवसाची तफावत गेली.

“या अल्ला! मॅडम! बसला! बसला!”

तिनं तिथूनच खालाला फोन लावला. “इशारा आता दीड दिवस आधी येईल.”

“तीन वर्षं मी दुसरं काय सांगतेय?” खाला म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पण एका टबावर निबंध पाठवता येत नाही. निदान तीन आठवडे मोजावं लागणार होतं. पावणेपाचला बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

“जाऊ दे विशेषांक,” नाझनीन म्हणाली आणि एकदाची डब्यातली थंडगार भाकरी खायला बसली.

बाईंनी चौदाव्या संदर्भापुढे लिहिलं: ‘पाटकर, व्ही. एस. (आताच्या तोडणकर): हा आकडा मोजलेला नव्हता. चूक माझी.’ कळ दाबली. सूचना दोनशे बारा ठिकाणी रवाना झाली. त्यांना एकदम हलकं वाटलं आणि चहाची तल्लफ आली.

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटली. ‘आभार. चौदा झाले. उरलेले सेहेचाळीस संदर्भ असेच मुळापर्यंत तपासू?’

बाईंनी सूचीवरून नजर फिरवली.

“नाझनीन, खरं सांग. यातले तू मुळातून किती वाचलेस?”

नाझनीनचा घास तसाच हातात राहिला.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “आधी तुम्ही सांगता?”